अधिष्ठान आधी, नाव नंतर : चेतासंस्थेच्या उजळणीची एक रीत

पक्षाघात, अर्दित, गृध्रसी, विश्वाची, कंपवात, पादहर्ष... आपल्या चिकित्सालयांत या रुग्णांची वर्दळ इतकी असते की वातव्याधी हे आयुर्वेदाचे हक्काचे क्षेत्र आहे, असा समाजाचा आणि काही अंशी आपलाही समज झालेला आहे. असे असूनही बी.ए.एम.एस. झालेला विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीस बसला की ज्या प्रकरणाची पाने तो सर्वांत शेवटी उघडतो ते प्रकरण याच संस्थेचे असते. द्रव्यगुण पाठ होतो, रसशास्त्रातील शोधन-मारण ओठांवर असते; परंतु मेंदूचा छेद आणि मेरुरज्जूतील मार्ग समोर आले की मुले पाने उलटून पुढे जातात. ही भीती केवळ आपल्याच विद्यार्थ्यांना आहे असे नव्हे. १९९४ साली राल्फ जोझेफोविच या अमेरिकन चेताविकारतज्ज्ञांनी आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांमधील याच भीतीला 'न्यूरोफोबिया' असे नाव दिले होते.

ही भीती विषयाच्या काठिण्यातून येते असे आम्हांस वाटत नाही. ती वाचण्याच्या उलट्या क्रमातून येते. विद्यार्थी व्याधींच्या नावांची यादी घेऊन बसतो आणि प्रत्येक नावाखाली लक्षणे पाठ करतो. शंभर नावे, हजार लक्षणे. स्मरणशक्ती कितीही तीव्र असली तरी ती पुरी पडत नाही. याउलट 'बिघाड कोठे आहे' हा प्रश्न प्रथम आणि 'बिघाड कशाचा आहे' हा प्रश्न नंतर विचारला, तर हाच विषय तर्काने उलगडत जातो. प्रस्तुत लेखात ही रीत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. परीक्षार्थींना ती गुण देईल. पण तिचे खरे मोल चिकित्सालयात आहे. अर्ध्या तासाच्या विलंबाने रुग्णाचा हात कायमचा जाऊ शकतो असे प्रसंग आपल्या दारात येतात, आणि त्या वेळी हीच रीत उपयोगी पडते.

आरंभीच एक शब्दखुलासा. मराठीत 'मज्जासंस्था' हा शब्द रूढ आहे; परंतु आपल्या शास्त्रात मज्जा हा अस्थींच्या पोकळीतील धातू होय. हा घोटाळा टाळण्यासाठी आम्ही येथे 'चेतासंस्था' व 'मेरुरज्जू' हे शब्द योजिले आहेत.

अधिष्ठानविचार आपलाच आहे

'आधी जागा, मग व्याधी' हा विचार आपल्याला परका नाही. संप्राप्तीत स्थानसंश्रयाला जे महत्त्व आहे ते सुज्ञ वैद्यांस सांगणे न लगे. सुश्रुताचार्यांच्या शारीरस्थानातील मर्मविचार या दृष्टीने पुन्हा वाचावा. विधुर मर्माच्या आघाताने बाधिर्य येते, फणाच्या आघाताने गंधज्ञान जाते. वक्ष आणि कक्षा यांच्या मध्ये असलेल्या कक्षधर मर्माच्या आघाताने पक्षाघात होतो. पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या कुकुंदर मर्मांच्या आघाताने शरीराच्या खालच्या भागातील स्पर्शज्ञान आणि चेष्टा यांचा नाश होतो. अमुक जागी आघात झाला तर अमुक कार्य जाते, ही मांडणी म्हणजेच अधिष्ठाननिदानाची बैठक होय. कक्षधराच्या जागी आज आपण हाताकडे जाणारे नाडीजाल शिकतो. याचा अर्थ दोन्हींचे समीकरण मांडावे असा नाही. विचाराची दिशा एक आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तीन वाटा, तीन ओलांडण्या

मूलभूत शारीरातून परीक्षेसाठी आणि व्यवहारासाठी तीनच वाटा पक्क्या कराव्यात.

पहिली वाट चेष्टेची. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेले तंतू इंटर्नल कॅप्सूलच्या अरुंद पट्ट्यात एकत्र येतात, मस्तिष्कस्तंभातून उतरतात आणि मेड्युलाच्या खालच्या टोकाशी बहुतांशी विरुद्ध बाजूस ओलांडून मेरुरज्जूत शिरतात. दुसरी वाट सूक्ष्म स्पर्श, कंपन आणि सांध्यांच्या स्थितीचे ज्ञान यांची. ती मेरुरज्जूच्या मागील भागातून त्याच बाजूने वर चढते आणि मेड्युलात गेल्यावर ओलांडते. तिसरी वाट वेदना व उष्ण-शीतज्ञानाची. ती मेरुरज्जूत शिरल्यावर एकदोन खंडांच्या आतच बाजू बदलते.

एवढे ध्यानात ठेवले की ब्राऊन-सेकार्ड सिंड्रोम पाठ करावा लागत नाही. मेरुरज्जूचा उजवा अर्धा भाग तुटला असे समजा. चेष्टेची वाट वरच ओलांडून आली आहे, म्हणून उजव्या पायाची शक्ती जाईल. कंपनाची वाट अजून ओलांडलेली नाही, म्हणून कंपनज्ञानही उजवीकडचेच जाईल. वेदनेची वाट मात्र डावीकडून येऊन येथे उजवीकडे चढत आहे, म्हणून डाव्या पायाला टोचलेले कळणार नाही. उत्तर आपोआप हाती येते.

चेष्टेच्या वाटेचे दोन टप्पे असतात. मेंदूपासून मेरुरज्जूतील पेशीपर्यंतचा पहिला टप्पा अप्पर मोटर न्यूरॉनचा आणि तेथून स्नायूपर्यंतचा दुसरा लोअर मोटर न्यूरॉनचा. वरचा टप्पा बिघडला तर ताठरपणा, वाढलेले रिफ्लेक्स आणि तळव्यावर ओरखडा काढला असता अंगठा वर उचलला जाणे, ही चिन्हे मिळतात. अंगठ्याचे हे चिन्ह जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली वर्णिले. खालचा टप्पा बिघडला तर शैथिल्य, मंदावलेले किंवा नष्ट झालेले रिफ्लेक्स, स्नायूंचा शोष आणि त्यांचे बारीक फुरफुरणे दिसते. येथे परीक्षकांचा एक आवडता सापळा आहे. वरच्या टप्प्यावर आघात अकस्मात झाला असेल तर पहिले काही दिवस अंग ताठर न होता शिथिलच असते आणि रिफ्लेक्सही मिळत नाहीत. नुकत्याच झालेल्या पक्षाघातात हात लुळा आहे एवढ्यावरून बिघाड खालच्या टप्प्याचा ठरवू नये.

सहा ठाणी

आता या वाटेवर सहा ठाणी कल्पावीत आणि प्रत्येक ठाण्याची एक ओळखखूण लक्षात ठेवावी.

मेंदूचा पृष्ठभाग हे पहिले ठाणे. येथील विकारात अर्धांगाबरोबर वाणी, आकलन किंवा अवधान बिघडते, आक्षेप येऊ शकतात आणि चेहरा, हात व पाय यांची दुर्बलता सहसा समान नसते. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली वाणीचे स्थान दाखविले तेव्हापासून, उजव्या अंगाच्या पक्षाघाताबरोबर वाचा गेली तर विद्यार्थी डाव्या मेंदूकडे बोट दाखवितो. दुसरे ठाणे इंटर्नल कॅप्सूलचे. तंतू तेथे दाटीने असल्यामुळे लहानशा बिघाडानेही चेहरा, हात व पाय सारखेच लुळे पडतात. वाणीचे आकलन मात्र शाबूत राहते.

तिसरे ठाणे मस्तिष्कस्तंभ. त्याची खूण म्हणजे उलटसुलट लक्षणे : चेहऱ्याची किंवा डोळ्याची नाडी एका बाजूची गेलेली आणि हात-पाय दुसऱ्या बाजूचे. भोवळ, दुहेरी दिसणे, गिळताना ठसका ही त्याची सोबत. चौथे ठाणे मेरुरज्जू. येथे चेहरा सुटलेला असतो, धडावर एका विशिष्ट पातळीखाली संवेदना कमी होते आणि मलमूत्राचे नियंत्रण बिघडते. छातीच्या बोंडाची पातळी टी-४ आणि नाभीची टी-१० एवढे लक्षात ठेवले तरी पातळी सांगता येते.

पाचवे ठाणे नाडीमूळ व नाड्या. एका मुळाचा विकार असेल तर वेदना त्या मुळाच्या पट्ट्यातून उतरते. अनेक नाड्यांचा असेल तर दोन्ही पाय मोज्यासारखे आणि मग हात हातमोज्यासारखे बधिर होतात. सहावे ठाणे नाडी-स्नायू संधी व स्नायू. संवेदना पूर्ण शाबूत असताना केवळ शक्ती कमी झाली तर इकडे पाहावे. सकाळी बरे आणि संध्याकाळी पापण्या मिटू लागल्या तर बिघाड संधीचा. जमिनीवरून उठताना मांड्यांना हात लावावा लागला तर स्नायूंचा.

काळ काय सांगतो

जागा ठरली की मगच व्याधीकडे वळावे. आणि तेथे सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे काळ. आशुकारी आणि चिरकारी हे भेद आपल्या परिचयाचेच आहेत. क्षणात आलेले लक्षण बहुधा रक्तवाहिनीचे असते, तास-दिवसांत वाढलेले शोथाचे किंवा संक्रमणाचे, आठवडे-महिन्यांत वाढलेले अर्बुदाचे किंवा दाबाचे आणि वर्षानुवर्षे हळूहळू सरकणारे क्षयात्मक विकारांचे. येऊन पूर्ण जाणारे व पुन्हा येणारे लक्षण अपस्मार, अर्धशिशी किंवा रक्तपुरवठ्याचा तात्पुरता खंड सुचविते. या शेवटच्या प्रकाराला 'बरे झाले, आता काय' म्हणून सोडून देण्याची लोकांची रीत घातक आहे. दहा मिनिटे हात लुळा पडून पूर्ववत झालेला मनुष्य पुढील काही दिवसांत पूर्ण पक्षाघाताच्या छायेत असतो. त्याची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे.

अर्दित : सर्वांत शिकविणारा व्याधी

एकच व्याधी घेऊन संपूर्ण विषय शिकावयाचा असेल तर तो अर्दित. सुश्रुताचार्यांनी अर्दित चेहऱ्यापुरते वर्णिले. चरकाचार्यांच्या वर्णनात मात्र अर्ध्या शरीरासह किंवा केवळ चेहऱ्याच्या अर्ध्या भागात, असे दोन्ही प्रकार येतात. तोंडी परीक्षेत हा मतभेद हमखास विचारला जातो. तो केवळ पाठभेद म्हणून न सांगता अधिष्ठानाच्या अंगाने सांगता आला पाहिजे.

चेहऱ्याच्या वरच्या भागाला, म्हणजे कपाळाला, दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून आज्ञा पोहोचतात; खालच्या भागाला मुख्यत्वे विरुद्ध बाजूकडून. म्हणून मेंदूतील आघातात तोंड वाकडे होते, पण कपाळावर आठ्या दोन्हीकडे पडतात. सातवी नाडीच बिघडली असेल तर त्या बाजूचे कपाळ सपाट राहते, डोळा मिटत नाही आणि गालात हवा धरता येत नाही. सर चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखली जाणारी पाल्सी ती हीच. या नाडीला कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून प्रवास करावा लागतो व वाटेत तिला शाखा फुटतात. डोळा कोरडा पडणे, आवाज मोठा वाटणे, जिभेच्या पुढच्या दोनतृतीयांश भागाची चव जाणे, यांपैकी काय आहे आणि काय नाही यावरून बोगद्यातील जागाही सांगता येते.

दोन इशारे मात्र लक्षात ठेवावेत. कपाळ सपाट आहे म्हणजे मेंदू सुरक्षित, असे दर वेळी नसते. मस्तिष्कस्तंभाच्या पॉन्स या भागातच बिघाड झाला तर चेहरा नाडीविकारासारखा दिसतो; पण तेव्हा त्याच बाजूचा डोळा बाहेर वळत नाही किंवा विरुद्ध बाजूचे हात-पाय दुर्बल असतात. म्हणून अर्दिताचा प्रत्येक रुग्ण चालवून, हात उचलावयास लावून आणि डोळे फिरवून पाहावा. दुसरा इशारा असा की कानात किंवा कानामागे फोड असतील तर तो साधा बेल्स पाल्सीचा रुग्ण नव्हे. तो नागिणीच्या विषाणूचा प्रकार होय.

चिकित्सेविषयी स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. बेल्स पाल्सीचे बहुसंख्य रुग्ण निसर्गतःच बरे होतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९४ टक्के, आणि न दिलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. याचे दोन अर्थ निघतात. एक, नस्य व स्वेदनाने बरा झालेला प्रत्येक अर्दिताचा रुग्ण आपल्या यशाच्या वहीत लिहिताना हात आखडता घ्यावा. दोन, पहिल्या तीन दिवसांतील रुग्णाला ही माहिती न देता केवळ आपली चिकित्सा सुरू करणे न्यायाचे नाही. नस्य, मूर्धतैल, उपनाह यांना स्थान आहेच. ते रुग्णाची संधी हिरावून न घेता द्यावे. न मिटणाऱ्या डोळ्याच्या रक्षणाकडे तर पहिल्या दिवसापासूनच लक्ष द्यावे. दिवसा डोळा ओला ठेवणे आणि रात्री पापणी मिटवून पट्टी लावणे एवढ्याने बुबुळ वाचते.

गृध्रसी आणि चुकीच्या मजल्यावरचा शोध

चरकाचार्यांनी स्फिक् प्रदेशापासून कटी, पृष्ठ, ऊरू, जानू, जंघा व पाद असा गृध्रसीच्या वेदनेचा क्रम सांगितला आणि सुश्रुताचार्यांनी पाय उचलण्यातील निग्रह सांगितला. आजची सरळ पाय उचलून पाहण्याची परीक्षा याच निरीक्षणाच्या शेजारी बसते. पायाच्या अंगठ्याकडे जाणारी वेदना व अंगठा वर उचलण्यातील दुर्बलता एल-५ मुळाची. पावलाच्या बाहेरील कडेकडे जाणारी वेदना आणि नष्ट झालेला घोट्याचा रिफ्लेक्स एस-१ मुळाचा. रिफ्लेक्सची मुळे लक्षात ठेवण्यास घोट्यापासून वर मोजावे : घोटा एस एक-दोन, गुडघा एल तीन-चार, बायसेप्स सी पाच-सहा, ट्रायसेप्स सी सात-आठ.

प्रौढात मेरुरज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवर संपतो. त्याखाली केवळ नाडीमुळांचा झुबका असतो. म्हणून कटीच्या खालच्या मणक्यांतील गादी सरकल्याने रिफ्लेक्स मंद होतील, पण अंगठा वर जाणार नाही. तो वर गेला तर बिघाड वरच्या मजल्यावर शोधावा. आमच्याकडे साठी ओलांडलेले एक शेतकरी आले होते. अन्यत्र गृध्रसी म्हणून त्यांची कटिबस्ती व बलपूर्वक मर्दन झाले होते. चालताना दोन्ही पाय ओढले जात होते, सदऱ्याची बटणे लावणे जड जात होते, गुडघ्यांचे रिफ्लेक्स उसळत होते आणि दोन्ही अंगठे वर जात होते. कमरेची दुखणी कितीही असोत, या चिन्हांचे अधिष्ठान कमरेत असणेच शक्य नव्हते. मानेच्या एम.आर.आय.मध्ये मेरुरज्जूवरील दाब दिसला व पुढील निर्णय शल्यचिकित्सकांनी घेतला. एका हातोडीने आणि एका किल्लीच्या टोकाने दिशा बदलली. अशा मानेवर बलपूर्वक मर्दन किंवा झटका देणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगावयास नको.

गृध्रसीत आणखी एक प्रश्न कधीही विसरू नये : लघवी होते का, आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आहे का? उत्तर संशयास्पद असेल तर तो त्याच दिवशी रुग्णालयात पाठविण्याचा रुग्ण आहे. नाडीमुळांच्या झुबक्यावरील दाब वेळेत निघाला नाही तर मूत्राशयाचे नियंत्रण कायमचे जाऊ शकते.

पायांपासून वर चढणारे पंगुत्व

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमची साथ आली आणि दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. गुलेन, बारी आणि स्ट्रोल यांनी १९१६ साली वर्णिलेला हा विकार त्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांना केवळ एका गुणाचा प्रश्न होता. त्या महिन्यांत मात्र तो दारात उभा राहिला. पुण्यातील रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. या जंतूने होणाऱ्या अतिसारानंतर शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच नाड्यांवर उलटते.

अधिष्ठान पाचवे ठाणे, काळ दिवसांचा. अतिसारानंतर एकदोन आठवड्यांनी दोन्ही पायांत मुंग्या, जिना चढवेना, मग हात, मग चेहरा. आणि रिफ्लेक्स गायब. एवढे जुळले की सर्वांगवात म्हणून अभ्यंग-स्वेदन आरंभू नये. श्वसनाचे स्नायू केव्हा थकतील याचा नेम नसतो. रुग्णाला एका श्वासात आकडे मोजावयास सांगावे. वीसपर्यंतही पोहोचता येईना तर श्वासावर संकट आहे. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याची चिकित्सा आणि प्रसंगी कृत्रिम श्वसन ज्या रुग्णालयात मिळते तेच त्याचे स्थान. तीव्र अवस्था ओसरल्यावर महिनोन्महिने चालणाऱ्या पुनर्वसनात बस्ती, अभ्यंग व बृंहण यांना मोठा वाव आहे. आपली पाळी तेव्हा येते.

औषधालयाच्या गल्ल्यावर

औषधालय चालविणाऱ्या आपल्या सभासदांसाठी हा भाग विशेष. 'वडिलांचे तोंड सकाळी वाकडे झाले, महानारायण तेल द्या' अशी मागणी गल्ल्यावर येते. तेल काढण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. दोन्ही हात समोर धरले तर एक खाली पडतो का? बोलणे अडखळते का? शेवटी ठीक कधी पाहिले होते? पहिल्या दोनपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळविण्याचा उपाय तीन तासांत दिल्यास लाभतो हे १९९५ साली सिद्ध झाले, आणि २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. ही घटका 'शेवटी ठीक कधी पाहिले' तेथून मोजतात, म्हणून तिसरा प्रश्न. २००६ साली मांडलेल्या एका हिशेबानुसार मेंदूची मोठी वाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. गुठळी की रक्तस्राव, हे सी.टी. स्कॅनशिवाय नाडीपरीक्षेने वा अनुभवाने सांगता येत नाही. तोवर तोंडावाटे काढा, मात्रा, मध, पाणी काहीही देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुप्फुसात जाते. ग्लुकोमीटर जवळ असेल तर रक्तशर्करा अवश्य पाहावी, कारण ती खालावली तरी हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र उभे राहते.

दुसरी गोष्ट कपिकच्छूची. तिच्या बीजात लेव्होडोपा असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखविले आहे. कंपवाताचा जो रुग्ण डॉक्टरांकडून लेव्होडोपाच्या गोळ्या घेत आहे, त्याने आपल्या मनाने कपिकच्छू चूर्ण वाढविले तर मात्रेत भर पडते. अनैच्छिक हालचाली वाढणे किंवा उभे राहताच रक्तदाब उतरणे असे त्रास संभवतात. 'आयुर्वेदिक आहे, चालेल' हे उत्तर येथे चालत नाही.

तिसरी गोष्ट पायांच्या मुंग्यांची. शाकाहारी मनुष्य, किंवा मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारा, तळपायाच्या मुंग्यांसाठी तेल मागू लागला तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी सुचवावी. या अभावात मेरुरज्जूचा मागील भाग व चेष्टेची वाट दोन्ही झिजतात, सोबत नाड्याही. म्हणूनच घोट्याचा रिफ्लेक्स गेलेला आणि अंगठा मात्र वर, असे कोडे परीक्षेत येते. केवळ फॉलिक ॲसिड देत राहिल्यास पांडुता सुधारते, नाड्यांची हानी मात्र चालूच राहते.

सहा संध्याकाळींची उजळणी

परीक्षार्थींना आम्ही सहा संध्याकाळींचा क्रम सुचवितो. पहिल्या संध्याकाळी कोऱ्या कागदावर तीन वाटा व त्यांच्या ओलांडण्या काढाव्यात. पुस्तक मिटून पुन्हा काढाव्यात. दुसऱ्या संध्याकाळी सहा ठाणी आणि प्रत्येकाची खूण. तिसरी बारा शीर्षनाड्यांची. त्या सहाध्यायाच्या चेहऱ्यावर तपासून शिकाव्यात. चौथी मेरुरज्जू, मुळे व रिफ्लेक्स. यासाठी हातोडी आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क विकत घ्यावा, खर्च थोडा आहे. पाचव्या संध्याकाळी काळानुसार व्याधी आणि त्यांची औषधे, शेजारी चरक चिकित्सास्थानाचा अठ्ठाविसावा अध्याय व सुश्रुत निदानस्थानाचा पहिला अध्याय. सहाव्या संध्याकाळी केवळ रुग्णकथा. एकाने लक्षणे सांगावीत, दुसऱ्याने प्रथम जागा, मग काळ आणि शेवटी नाव सांगावे. नाव आधी सांगणाऱ्याचा गुण कापावा!

साध्यासाध्यतेचा प्रश्नही याच क्रमात बसतो. शुद्ध वाताचा पक्षाघात कृच्छ्रसाध्यतम, अन्य दोषाने संसृष्ट साध्य आणि क्षयहेतुक असाध्य, हे सुश्रुतमत विद्यार्थ्यांस पाठ असते. आज त्यासोबत हेही लिहिता आले पाहिजे की आघाताची जागा, त्याचा विस्तार आणि उपचार सुरू होण्यास लागलेला वेळ यांवर रुग्णाचे भवितव्य ठरते. यांपैकी जागा व विस्तार आपल्या हाती नाहीत; वेळ मात्र बऱ्याच अंशी पहिल्या भेटीतील वैद्याच्या हाती असतो.

वातव्याधीत आयुर्वेदाचे कर्तृत्व मोठे आहे, आणि ते टिकवावयाचे असेल तर कोणता रुग्ण आज आपला, कोणता उद्या आपला आणि कोणता या क्षणी दुसऱ्याचा, हे ओळखण्याची विद्या आपल्यापाशी हवी. ती महागड्या यंत्रांत नाही. हातोडी, विजेरी, किल्लीचे टोक आणि प्रश्नांचा योग्य क्रम यांत ती बरीचशी सामावलेली आहे. आपल्या चिकित्सालयात शिकावयास बसणाऱ्या नव्या पदवीधरांना ज्येष्ठ वैद्यांनी ही परीक्षा स्वतः करून दाखवावी, एवढी विनंती करून आम्ही लेखणी आवरती घेतो.

इत्यलम्।